सोनमची शेगडी

उलवे,
१६ जानेवारी २०२६

चि. वैदेहीस आईचे अनेक आशीर्वाद.

डबा आधी उघडला असशील आणि पत्र नंतर, हे मला माहीत आहे. बाबांची सवय. तिळाच्या वड्या जरा कडक झाल्यात. दुकानदाराने साधा गूळ म्हणून चिक्कीचा दिला, तेव्हा नावं ठेवायची तर त्याला ठेव. छोट्या पुडीतल्या तुझ्या रूममेटच्या आहेत. त्या तू खाऊ नकोस.

हल्ली फोनवर तू सुरुवातच "आई, पटकन बोल" अशी करतेस. परभणीच्या जनावरांच्या कॉलेजातल्या समस्त म्हशी तुझ्यावाचून खोळंबलेल्या असतात. आणि मला पटकन बोलण्यासारखं काही सुचत नाही. जेवलीस का, जेवले, झोपलीस का, झोपते. संपलं. म्हणून हे आपलं बरं आहे, कळंबोलीला ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हाती डबा द्यायचा आणि डब्याखाली पत्र. पत्राला घाई नसते.

इकडे विमानं सुरू झाली. आपल्या बाल्कनीतून पोट दिसतं त्यांचं. हा फ्लॅट घेतला तेव्हा इथे चिखल आणि खाडीचा वास याशिवाय काही नव्हतं, सगळे नातेवाईक हसले होते. बाबा म्हणायचे, विमानतळ होऊ दे, मग बघा. झाला. बघायला मी एकटी. ते असते तर बाल्कनीत खुर्ची टाकून बसले असते आणि कुठलं विमान कुठे चाललंय ते मला उगाच चुकीचं सांगितलं असतं.

फॉल-पिकोचं काम बरं चाललंय. लग्नसराई आहे. सोसायटीने मेंटेनन्स वाढवला. शेजारच्या फ्लॅटचे मालक अजून दुबईतच आहेत, त्यामुळे आपल्या मजल्यावर दिवा फक्त आपलाच. तळमजल्याच्या शकुबाई कोळंबी घेऊन वर आल्या होत्या. त्यांचं जुनं घर आता धावपट्टीखाली गेलं, तरी बाई भेटली की हसूनच बोलते.

बरं, आता मुद्दा. परवा फोनवर तू विचारलंस, कोण खोकलं. मी म्हणाले टीव्ही. टीव्ही बंद होता.

सोनम खोकली. सोनम म्हणजे विमानतळावर नोकरीला लागलेली मुलगी. गडहिंग्लजची आहे. तिकडच्या बायका बोलतात तशी "मी आलो, मी गेलो" म्हणते, पहिल्या दिवशी मला वाटलं दारात मुलगाच उभा आहे. डिसेंबरात या सगळ्या मुली इथे खोल्या शोधत हिंडत होत्या, एका खोलीत सहा-सहा जणी. शकुबाईंनी हिला माझ्याकडे आणलं. म्हणाल्या, "ठेव गो बाय. भाडं र्‍हाऊ दे, मानूस पायजे घरान."

भाडं राहू दे कशाला? घेते मी भाडं. मेंटेनन्स वाढला ना. शिवाय मुलीची सोय झाली. एवढंच कारण, दुसरं काही मनात आणू नकोस.

तिला तुझी खोली दिली आहे. हे वाक्य लिहायला मला एवढं पत्र लागलं. तुझं कपाट बंद आहे, किल्ली माझ्याकडे. भिंतीवरचा गायीच्या पोटाचा तक्ता तसाच आहे. सोनमला त्याची भीती वाटते, पण काढू का म्हणून तिने विचारलं नाही.

रागावू नकोस. रागावलीस तर फोनवर रागाव, पण पटकन नको.

तुझी,
आई

---

उलवे,
५ फेब्रुवारी २०२६

चि. वैदेहीस आशीर्वाद.

खोलीबद्दल तू एक शब्द बोलली नाहीस. मी आपली रडण्याची, भांडण्याची तयारी करून बसले होते आणि तू म्हणालीस, "आई, हे स्कॉलरशिपच्या ट्रस्टला कळवलंस का?" बापाची लेक. ते पण असेच नाकासमोर चालायचे.

कळवायचं असतं हे मला ठाऊक होतं गं. अर्जावर माझी सही आहे. घरच्या उत्पन्नात काही फरक पडला तर तीन महिन्यांच्या आत कळवावे. पण मला वाटलं, उत्पन्न म्हणजे नोकरी, धंदा, वारसाहक्क असलं काहीतरी मोठं. एका मुलीचं भाडं कुठे सांगत बसायचं? आपण होऊन सांगायला जायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

तू म्हणालीस, "मी पण सही केलीय. उद्या कळलं तर सगळंच काढून घेतील. तीन वर्षं झालीत, दोन राहिलीत, आई." तुझा आवाज एवढासा झाला होता.  ते पैसे थांबले तर मी दिवसरात्र पिको करूनही तुला तिथे ठेवू शकणार नाही, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही.

मग मी माझी अक्कल चालवली. सोनमला म्हटलं, पुढच्या महिन्यापासून भाडं देऊ नकोस, तांदूळ-डाळ भर, भाजी आण. पैसे हातात आले नाहीत तर उत्पन्न कसलं? मला माझंच कौतुक वाटलं. तुला फोन करून सांगितलं, तर तू नियमावली वाचून दाखवलीस. "एका चुलीवर जेवणाऱ्या सर्व व्यक्ती कुटुंबात धरल्या जातील व त्यांचे उत्पन्न एकत्र मोजले जाईल." म्हणजे भाडं घेतलं तर उत्पन्न वाढलं आणि नाही घेतलं तर माणूस वाढलं! आणि माणूस वाढलं तर तिचा अख्खा पगार आपल्या घरात धरणार, मग आपण स्कॉलरशिपच्या उत्पन्नमर्यादेच्या पार बाहेर. नुसतं भाडं धरलं तर आत बसतो, हा हिशेब तूच केलास. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, आणि बैलाची डॉक्टर आपल्याच घरात.

तर मी ट्रस्टला पत्र पाठवलं आहे. खोली भाड्याने दिली आहे, भाडं घेते, असं सरळ लिहिलं. सोनमलाही सांगितलं, भाडं चालूच ठेव. ट्रस्टचे नंदकुमार म्हणून गृहस्थ आहेत, निवृत्त शिक्षक, ते घरी येऊन बघून जाणार आहेत. बावीस तारखेला, रविवारी. ते चुलीचं विचारतीलच.

ती जेवते माझ्याबरोबर. हे मी तुला स्पष्ट सांगितलं नव्हतं. भाड्यात जेवण नाही ठरलेलं. पहिल्या आठवड्यात ती बाहेरून वडापाव आणायची आणि तुझ्या खोलीत बसून खायची. एक दिवस मी म्हटलं, वरण जास्त झालंय, संपव. दुसऱ्या दिवशी पण वरण जास्त झालं. आता ती दुपारी कामावरून आली की दारातूनच ओरडते, "काकू, जेवलासा का?" आणि मी जेवलेली नसते.

पहाटे तिला गाडी न्यायला येते, मी चहा करते. ती म्हणते उठू नका, मी म्हणते मला जाग येतेच. तिच्या घरी भावाने लग्नानंतर वेगळी चूल मांडली. एकच घर, मधे पडदा. तिची आई बाहेर सोप्यात बसून एकटी जेवते. हे सांगताना पोरगी रडली. मी विषय बदलला, मला असलं बघवत नाही.

चुलीचं मी बघते. तू अभ्यास कर. काळजी करायला मी आहे ना.

शेंगदाण्याची चटणी सोनमने केली आहे, तिखट आहे, जपून खा. तिने विचारलंय, वैदेहीताईला आवडेल का. काय ते कळव.

तुझी,
आई

---

उलवे,
६ मार्च २०२६

चि. वैदेहीस,

डब्यात पुरणपोळ्या आहेत. होळीच्या केलेल्या, तूप लावून ठेवल्यात, टिकतील. स्कॉलरशिप चालू राहिल्याचं पत्र आलं ते मी तुला फोनवर वाचून दाखवलंच. तू केवढ्याने ओरडलीस! मागे तुझ्या मैत्रिणी पण ओरडल्या. मीही हसले. त्यानंतर तू विचारलंस, "तुझा आवाज असा का येतोय?" मी म्हणाले सर्दी.

सर्दी नाही. सांगते.

नंदकुमार यायच्या आदल्या दिवशी मी सानपाड्याला गेले आणि एक इंडक्शन शेगडी घेऊन आले. छोटी, एका भांड्याची. तुझ्या टेबलावर मांडली. बाजूला पातेलं, चहा-साखरेचे डबे, मिठाची बरणी. सोनम कामावरून आली आणि बघतच राहिली. मी तिला सगळं सांगितलं. म्हटलं, उद्या ते आले की तू म्हणायचं, माझं मी करून खाते. एका दिवसाचं नाटक, वैदेहीसाठी.

ती म्हणाली, "व्हय काकू. त्यात काय एवढं? ताईचं शिक्षण हाय." आणि स्वतःच्या हाताने तिने डबे नीट ओळीने लावले. मला आत कुठेतरी टोचलं, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही.

नंदकुमार सकाळी आले. सभ्य माणूस. चप्पल बाहेर काढली, तुझे मार्क विचारले, बाबांच्या फोटोला नमस्कार केला. खोली बघितली. सोनम म्हणाली, "भाडं देतो मी. जेवण माझं मी करतो." ठरल्याप्रमाणे, न चुकता. त्यांनी शेगडीकडे बघितलं. तिच्यावरचं कंपनीचं स्टिकर तसंच होतं, मला काढायचं सुचलंच नव्हतं. त्यांनी ते पाहिलं, वैदेही. आणि काही विचारलं नाही. कागदावर लिहून घेतलं आणि बाहेरच्या खोलीत येऊन बसले.

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, याला संशय आलाय, आता हा आपल्या बाजूने नाही लिहिणार. आणि कोणी काही विचारलेलं नसताना मी बोलत सुटले. म्हटलं, "पेइंग गेस्ट आहे हो, बाकी आमचा काही संबंध नाही. ती तिच्या खोलीत, मी माझ्या. परक्या मुलीला रोज कोण वाढत बसतंय?"

सोनम स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात पोह्यांची बशी. पोहे तिने केले होते, माझ्या कढईत, माझ्या गॅसवर. पाहुणे येणार म्हणून पहाटे उठून, सुट्टीच्या दिवशी.

तिने बशी त्यांच्यापुढे ठेवली. म्हणाली, "घ्या सर." मग तुझ्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. आवाज न करता.

नंदकुमारांनी सगळे पोहे खाल्ले. निघताना दारात थांबून म्हणाले, "ताई, शेगडीवरचं स्टिकर काढून टाका. तापलं की चिकटून बसतं, मग निघत नाही." एवढंच बोलले आणि लिफ्टमध्ये गेले.

दुपारी मी हाक मारली, सोनम, चल जेवायला. ती बाहेर आली, हसून म्हणाली, "आज भूक न्हाई काकू." संध्याकाळी मी म्हटलं, अगं, ते नुसतं दाखवायला होतं, तुला सांगूनच केलं ना. ती म्हणाली, "ठावं हाय की. तुमचं काय चुकलं न्हाई. पोरीसाठी आई बोलतीच." मला वाटलं, मिटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी चहा ठेवायला उठले, तर तुझ्या खोलीतून चहाचा वास आला. तिचा चहा झाला होता. "मी गेलो काकू," म्हणाली आणि गेली. दुपारी ती आली, दारातून ओरडली नाही. थोड्या वेळाने आतून कुकरची शिट्टी. छोटा कुकर आणलाय तिने.

तेव्हापासून हे असं आहे. बोलते, हसते, भाडं वेळेवर देते. मला बरं नव्हतं तर गोळ्या आणून दिल्या. कशालाही नाव ठेवायला जागा नाही. पण जेवायला येत नाही. मी वरण जास्त करते आणि रात्री ते मलाच खावं लागतं.

होळीला मी पुरण घातलं. ताट वाढून तिच्या खोलीत नेऊन दिलं, म्हटलं, सणाला तरी नाही म्हणणार नाही. नाही म्हणाली पण नाही. दोन्ही हातांनी घेतलं, वाकून नमस्कार केला. मी स्वयंपाकघरात येऊन बसले आणि, तुला हसू येईल, पोळीचा घास हातात घेऊन वाट बघत राहिले, की आता ती ताट घेऊन इकडेच येईल.

आली. ताट घासून, पुसून, आणि त्यात मूठभर साखर घालून.

रिकामं ताट परत करू नये. आपणच करतो की असं, शकुबाईंचा डबा परत करताना आपण त्यात काहीतरी घालतो. तुला लहानपणी मीच शिकवलं. पण ते शेजाऱ्यांचं ताट असतं गं. घरातलं माणूस घरातलं ताट घरात आणताना त्यात साखर घालतं का?

मी "ठेव तिथे" म्हणाले. ती गेल्यावर रडले. ती साखर अजून वाटीत काढून ठेवली आहे, चहात घालायला मन होत नाही.

आता तुला खरं कारण सांगते, जे जानेवारीत लिहिलं नाही. मेंटेनन्सचं कारण खोटं होतं. म्हणजे मेंटेनन्स वाढला, पण तेवढं मी भागवलं असतं. त्या डिसेंबरात एक दिवस सिलिंडरवाला आला. त्याला "थांबा, आले" म्हणायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना.  तेव्हा लक्षात आलं, किती दिवस मी कुणाशी बोललेच नव्हते. त्या दिवसांत तुझी परीक्षा होती, तूच म्हणाली होतीस फोन करू नकोस. बरोबरच होतं तुझं. मी त्याला पैसे दिले आणि दार लावून तिथेच खाली बसले. मला भीती वाटली, वैदेही. मला एकटं राहता येत नाही. लोक राहतात, मला येत नाही. शकुबाईंनी ते कसं ओळखलं कोण जाणे.

हे वाचून सगळं सोडून घरी यायचं नाही. तुला असं वाटायला नको, की तुझ्यापायी आईचं असं झालं. उद्या नंदकुमार पुन्हा येऊन समोर बसले तर मी पुन्हा तेच सांगेन. तुझी दोन वर्षं मी कुणासाठीही घालवणार नाही, सोनमसाठीही नाही, माझ्यासाठी तर नाहीच. फक्त ते शेवटचं वाक्य बोलणार नाही. ते न बोलताही भागलं असतं.

आणि तुझं मन खात असेल, आई खोटं लिहून बसली, तर तीही काळजी सोड. ट्रस्टला कळवलेलं आता सगळं खरं आहे. खोली भाड्याने दिली आहे. भाडेकरू स्वतंत्र स्वयंपाक करते. आमचा दुसरा काही संबंध नाही. एक अक्षर खोटं राहिलेलं नाही.

एकच मागते. पाडव्याला तू चार दिवस येणार आहेस ना, तेव्हा सोनमला तू जेवायला बोलव. मी बोलावते तेव्हा ती हसते आणि भूक नाही म्हणते. पण खोली तुझी आहे, स्कॉलरशिप तुझी आहे, तुझ्यासाठी म्हणून तिने ते डबे ओळीने लावले. तू हाताला धरून आणलंस तर कदाचित येईल. एका जेवणाने चूल एक होत नाही, तेवढं ट्रस्टवालेही समजून घेतील. पानं मी तीन मांडून ठेवीन. नाहीच आली, तर ते पान तू उचल, माझ्याच्याने होणार नाही.

आता थांबते. तुझ्या खोलीतून फोडणीचा वास येतोय. लसूण जरा जास्त जळलाय, पण आत जाऊन सांगायचं कसं?

भिंतीच्या अलीकडची,
तुझी आई